पेंटरने न प्यायलेलं पाणी

साहेब, एक बाई खरं बोलली आणि तुम्ही तिच्या खरं बोलण्याच्या आड लपलात. हॉस्पिटलच्या चौकशीच्या खोलीत ती स्वतःच्या तोंडाने स्वतःची चूक सांगत होती. तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत तुम्ही टेबलावर हात आपटून म्हणालात, "म्हणजे पेशंट पाणीच पीत नव्हता तर! मग औषधाच्या नावाने बोंब कशाला?" तुमच्या डाव्या-उजव्या बाजूला बसलेल्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. चहा आला. चौकशी आटोपली.

ती बाई पेंटरची सून. ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत, कारण ते तुमच्या सोयीचं होतं. त्याच्या आधी काय झालं ते तुम्ही विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगतो.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. छापील पाट्या आल्या आणि त्याचा धंदा बसला, पण हात बसला नाही. त्याच्या म्हाताऱ्या न्हाव्याने हौसेने म्हटलं, "मरायच्या आधी माझी पाटी तूच रंगव, मला ते चकचकीत प्लॅस्टिक नको." पेंटर टेबलावर स्टूल ठेवून चढला. शेवटचं अक्षर राहिलं होतं. स्टूल सरकलं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं आणि रस्त्याची माती जखमेत गेली. न्हावी हात जोडून सगळ्यांना सांगत होता, "मी म्हटलं होतं, राहू दे आता, उद्या कर. पण ऐकेल तर तो पेंटर कसला!"

पेंटरचा मुलगा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. आज इथे, उद्या कुठे, त्यालाही ठाऊक नसतं. घरात उरतात दोघं, सासरा आणि सून. सून एका मोठ्या लाँड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्या गावाची घाण तिच्या हाताखालून पांढरी होऊन जाते. तोंडाने फटकळ, मनाने बरी. आणि सासरा कसा? स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तरी आधी दोनदा खाकरणारा. स्वतःचे आतले कपडे तापातसुद्धा स्वतः धुणारा, आणि ते वाळत घालून वर मोठा टॉवेल पांघरणारा. ती चेष्टा करायची, "बाबा, लाँड्रीवाली सून असून घरात धोबी वेगळा!" तो नुसता हसायचा. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे मागितला तो फक्त चहा, तोही "होणारच असेल तर अर्धा कप मलाही" अशा बेताने.

पहिल्यांदा त्याला अपघाताच्या वॉर्डात ठेवलं. ऑपरेशन झालं, पायात सळया बसल्या. जखम चिघळली होती म्हणून एक जबर इंजेक्शन सुरू केलं. तिथल्या डॉक्टरने तिला समजावलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "भारी औषध आहे, पण पाय वाचवायचा तर हेच पाहिजे. थोडेच दिवस द्यायचं." तेव्हा सलाईन चालू होतं, लघवीला नळी होती, सगळं मशीनसारखं चाललं होतं.

मग पू कमी झाला आणि त्याला हाडांच्या वॉर्डात हलवलं. हलवताना सलाईन निघालं, नळी निघाली. इंजेक्शन मात्र बरोबर आलं. शिवाय दुखतं म्हणून ठणका थांबवायचं आणखी एक इंजेक्शन सुरू झालं.

हाडांच्या वॉर्डात त्याची खाट दाराला लागून होती. पलीकडच्या खाटेवर एक अगडबंब बस ड्रायव्हर, कंबर मोडलेला, दोन्ही पाय वजनाला टांगलेले. त्याला नळी होती. तो पडल्या पडल्या सगळ्या वॉर्डाची करमणूक करायचा. "माझी गाडी ब्रेकडाऊन आहे," सिस्टरला सांगायचा, "पण हॉर्न चालू आहे."

वॉर्डात लघवीचं पॉट द्यायला-घ्यायला वॉर्डबॉय, सगळ्यांचे मामा, असतात. म्हणजे असायचे. ड्रायव्हर म्हणायचा, "इथला मामा म्हणजे देव आहे. मनापासून हाक मारायची आणि तो कुठेतरी आहे यावर विश्वास ठेवायचा." एका मामाच्या गळ्यात तीन वॉर्ड, तो बिचारा तरी कुठे कुठे पुरणार? ती माणसं कमी कोणी केली, साहेब, ते तुमच्या खुर्चीला विचारा.

म्हणून पहिल्या दिवशी पॉट सुनेनेच दिलं. देताना पांघरूण धरून तोंड दुसरीकडे केलं. पेंटरने भिंतीकडे मान फिरवली आणि डोळे घट्ट मिटले, जणू डोळे मिटले की आपण तिथे नाहीच. तिने भांडं नेलं, धुतलं, आणून खाटेखाली ठेवलं. "काही वाटून घेऊ नका, बाबा," एवढं म्हणायचं तिच्या ओठावर होतं. पण म्हटलं तर त्याला आणखी अवघडल्यासारखं होईल, म्हणून ती गप्प बसली. सासरा-सुनेत हे असंच असतं. जे बोलायला हवं ते सोडून बाकी सगळं बोलायचं.

तेवढ्यात नणंदेचा फोन आला. सून दाराबाहेर गेली. नणंद परगावी, तिचा जीव इकडे टांगलेला, पण काळजी दाखवायची तिची रीत टोमण्याची. "काय गं वहिनी, करतेस ना माझ्या बाबांचं नीट? का टाकलंस सिस्टरवर आणि बसलीस मोबाईल बघत?"

"करते हो वन्सं!" सून फणकाऱ्याने हसून म्हणाली. "गावाच्या चादरी धुऊन हौस फिटली नव्हती, आता पॉटही आलं वाट्याला. एवढंच राहिलं होतं नशिबात!"

नणंद हसली, ही पण हसली. बायका अशा वेळी हसतात. नाहीतर रडावं लागतं, आणि रडायला वेळ नसतो. बोलणं विरून गेलं. सुनेच्या तर ते संध्याकाळपर्यंतही ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतर पेंटर एकदम शहाणा रोगी झाला. पॉट मागेनासाच झाला. क्वचित मामा दिसला तर त्यालाच बोलवायचा, तेवढ्यात भागवायचा. सून कामावर जाताना पाण्याचा जग भरून ठेवायची. "ठेव, पितो," तो म्हणायचा. ती परत यायची तेव्हा जग रिकामा. "शाब्बास, बाबा!" ती म्हणायची आणि पुन्हा भरायची. राउंडला डॉक्टर विचारायचे, "पाणी पितात ना?" ती जग उचलून दाखवायची. "अख्खा जग संपवतात, साहेब!"

मोठे डॉक्टर राउंडला यायचे. त्यांच्या मागे छोटे डॉक्टर, त्यांच्या मागे त्यांच्याहून छोटे. मोठे डॉक्टर पाय बघायचे, सळया बघायचे, टाके बघायचे. पायावरचा माणूस त्यांच्या खात्यात येत नव्हता. मग म्हणायचे, "सेम." मागचा म्हणायचा, "सेम." त्याच्या मागचा लिहायचा, "सेम." आणि पुढची खाट.

एक दिवस पेंटर म्हणाला, "डॉक्टर, कानात कुणीतरी शिट्टी वाजवतंय. सारखी. बंदच होत नाही."

"वय झालं, आजोबा," छोटा डॉक्टर हसून म्हणाला. "या वयात कुणी शिट्टी मारतंय, भाग्यवान आहात!"

सगळे हसले. ड्रायव्हर हसला, सूनसुद्धा हसली. पेंटरही हसला, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा होऊ नये म्हणून तो नेहमी हसायचा तसा. मी वैद्य नाही. पण नंतर एक डॉक्टर सुनेला म्हणाला की ती शिट्टी म्हणजे त्या इंजेक्शनने दिलेली हाळी होती. कान आणि किडनी, हे औषध दोन्हीकडे जातं. कानाने ओरडून सांगितलं आणि वॉर्डाने त्याच्यावर विनोद केला.

पुढे त्याची अन्नावरची वासना उडाली. तोंडाला कोरड आणि पोटात मळमळ. मळमळीला गोळी आली. मग एका सकाळी त्याचा चेहरा भरल्यासारखा दिसला. त्याच दिवशी नणंद गाडीने येऊन पोचली होती. तिने बापाच्या गालावर हात फिरवला आणि तिचे डोळे भरून आले. "वहिनी, चुकलं गं माझं, फोनवर वाटेल ते बोलते. किती छान ठेवलंयस बाबांना! गाल बघ कसे वर आलेत."

सून खुलली. साहेब, आयुष्यात नणंदेने दिलेली ती पहिली शाबासकी होती, आणि ती सूज होती.

सूज ओळखली ती त्या वॉर्डात नवीनच बदलून आलेल्या सिस्टरने. तिने गालाला बोट लावलं, मग घोट्याला लावलं, बोटाचा खळगा तसाच राहिला. तिने विचारलं, "लघवी किती होते यांना?"

सून कौतुकाने म्हणाली, "आता अजिबात त्रास देत नाहीत हो. काल तर पॉट लागलंच नाही."

सिस्टरचा चेहरा पडला. ती सरळ डॉक्टरांकडे धावत गेली.

मग सगळं धावायला लागलं. आधी धावलं असतं तर! रक्त गेलं, रिपोर्ट आला, किडनीचा डॉक्टर आला. उंच, वाकलेला, झोप न झालेला माणूस. त्याने हाडांच्या डॉक्टरांना विचारलं, "हे इंजेक्शन कधीपासून चालू आहे?"

"आमच्याकडे आले तेव्हापासून. अजून कोर्स पुरा झाला नाही."

"तुमच्याकडे आले तेव्हापासून," तो सावकाश म्हणाला. "आणि त्याच्या आधी तिकडच्या वॉर्डात दिलं ते कुणी धरलं?"

कुणीच नाही. अपघाताच्या वॉर्डाने आपला कोर्स पुरा केला होता. थांबवा असं तोंडी सांगून पेशंट पाठवला होता, असं ते म्हणाले. हाडांच्या वॉर्डाने ते ऐकलं नव्हतं, असं हे म्हणाले. त्यांनी औषध बरोबर आलेलं बघितलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. खाट बदलली की माणूस नवा, अशी इथली पद्धत. आणि हलवायच्या दिवशी किडनीसाठी रक्त घेतलं होतं. त्यात बिघाड दिसायला लागला होता. पण रिपोर्ट जुन्या वॉर्डात गेला, पेशंट नव्या वॉर्डात. दोन वॉर्डांच्या मध्ये एक जिना आहे. तो कुणी उतरला नाही.

पेंटरला मशीनवर घेतलं. गळ्याजवळ नळी घालून रक्त बाहेर काढायचं, धुवायचं, परत आत सोडायचं. सून काचेतून बघत उभी राहिली. धुणं तिला कळत होतं, पण हे धुणं तिला बघवेना.

हाडांच्या वॉर्डातलं सामान आणायला ती गेली तेव्हा ड्रायव्हरने तिला हाक मारली. त्याचा हॉर्न त्या दिवशी बंद होता.

"ताई, एक सांगू का? मला शिव्या घाल, पण ऐक. तू भरून ठेवायचीस त्या जगमधलं पाणी मी प्यायचो."

"म्हणजे?"

"म्हातारा मला द्यायचा. म्हणायचा, तुला नळी आहे, तुझं काय, टाकी भरत राहा. माझी सून रिकामा जग बघून खूश होते, तिला खूश राहू दे. मी म्हटलं, बाबा, तुम्ही का पीत नाही? तर म्हणाला, प्यायलं की मागावं लागतं." त्याने टांगलेल्या पायांकडे बघितलं. "तू पहिल्या दिवशी दारात फोनवर काही बोललीस ना? त्याने ऐकलं. मीही ऐकलं. मी हसलो. तो नाही हसला."

तिला आधी काही आठवेना. मग आठवलं. एवढंच राहिलं होतं नशिबात.

ती मशीनच्या खोलीत परत आली, पेंटरच्या उशाशी बसली. बराच वेळ ती पांघरुणाच्या कडेची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "बाबा, ऐकलंत ना तुम्ही त्या दिवशी?"

पेंटरने मान वळवली नाही. "दार उघडं होतं," तो म्हणाला. "चूक दाराची."

"चेष्टा नका करू."

"अगं, तू काही खोटं बोलली नाहीस. तुला काय मी पॉट उचलायला घरात आणलं होतं? माझं मलाच कसंतरी झालं. म्हटलं, थोडं कमी पिऊ. चार दिवसांचा प्रश्न. पाय बरा झाला की आपला मी उठून जाईन." तो धापा टाकत थांबला. "त्यात असं काही होईल हे कुणाला माहीत? मी पेंटर. मला रंगात किती टर्पेंटाइन घालायचं ते कळतं."

"शंभर शंभर माणसांच्या चादरी धुते मी, बाबा. तुमचं एक भांडं मला जड झालं असतं होय? तोंडाने बोलले हो. हाताने कधी कुरकुर केली का?"

"नाही केलीस," तो म्हणाला. आणि मग, खाकरून, जसा स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरायचा तसा, म्हणाला, "सूनबाई, घोटभर पाणी देतेस?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्याकडे बेताबेताने नाही, सरळ मागितलं. आणि तिला देता येईना. मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं, कारण प्यालेलं बाहेर पडायला वाटच उरलेली नसते. त्याचा वाटा सकाळीच संपला होता. तिने कापूस भिजवला आणि त्याचे ओठ पुसले. तो कापूस चोखायला लागला. तिने तो हळूच काढून घेतला. ते कसं केलं हे तिचं तिलाच माहीत.

किडनीच्या डॉक्टरला तिने जिन्यात गाठलं. सगळं सांगितलं, फोन, जग, ड्रायव्हर. मग विचारलं, "डॉक्टर, यातलं माझं किती?"

तो कठड्याला टेकला. खोटं बोलला असता तर ती घटकाभर सुखी झाली असती. तो नाही बोलला. "पाणी कमी पडलं म्हणून औषध जास्त बाधलं, हे खरं. दुखण्याच्या इंजेक्शननेही भर घातली. पण म्हणूनच हे औषध देताना लघवी मोजतात, रक्त बघतात, दिवस मोजतात. पेशंट लाजेल, लपवेल, नातेवाईक चुकतील, हे आम्ही धरून चालायचं असतं."

"म्हणजे किती?"

"ते मला एकट्याला सांगता येणार नाही, ताई. त्यासाठी सगळ्यांनी एका खोलीत बसून खरं बोलावं लागेल."

ती खोली म्हणजे तुमची चौकशीची खोली, साहेब. तिला खरंच वाटलं होतं की ती त्यासाठी असते.

नवरा ट्रक सोडून आला होता. तक्रार त्यानेच दिली. बाहेर बाकावर तो तिला दबक्या आवाजात दटावत होता, "पाण्याचं काढू नकोस. ड्रायव्हरने सांगितलं ते त्याच्यापाशी राहू दे. आपली बाजू कशाला लंगडी करतेस? हे लोक बोट दिलं की हात धरतात."

"मग मला कळणार कसं?"

"काय कळायचंय तुला?"

"माझं किती ते."

"कळून काय लोणचं घालणार आहेस?" तो वैतागून म्हणाला, आणि लगेच त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. बापासाठी रडून त्याचे डोळे सुजलेले होते. माणूस वाईट नाही. तुम्हाला नीट ओळखून होता, एवढंच.

आत तुमचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "आम्ही रोज विचारत होतो. नातेवाईक सांगायच्या, जग संपतो." ती गप्प बसली असती तर ते वाक्य तिथेच पडून राहिलं असतं. ती उठली. म्हणाली, "बरोबर आहे, मीच सांगायचे. पण पाणी दुसराच पीत होता. माझं बोलणं ऐकून बाबांनी पिणं सोडलं. ते माझ्याकडून झालं, ते मी नाकारत नाही. आता तुम्ही तुमचं..."

इथे तुम्ही टेबलावर हात आपटलात.

किडनीच्या डॉक्टरला तुम्ही बोलावलंच नव्हतं. नवीन सिस्टरलाही नाही. त्या दोघांची त्या दिवशी ड्यूटी होती म्हणे.

पेंटर जिवंत आहे. मशीनवर जातो, येतो, पुन्हा जातो. कानातली शिट्टी थांबलेली नाही. पाय बरा झाला, चांगला जुळला, मोठे डॉक्टर म्हणाले, नमुनेदार जुळला. न्हावी येतो आणि घडीभर बसून जातो. मशीनवरून आल्यावर कधीमधी थोडंसं पॉट लागलंच, तर आता सून देते, आणि देताना तोंड दुसरीकडे करत नाही. तोही भिंतीकडे वळत नाही. एवढं साधं होतं ते, आणि आता त्या भांड्यात पडायला जवळजवळ काही उरलेलं नाही.

आपला भाग तिने तुमच्या टेबलावर ठेवलाय. तो ती मरेपर्यंत उचलणार, तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे. तुमचा भाग कुठे आहे? दोन वॉर्डांनी एकच औषध दोनदा मोजलं, तेव्हा ते थांबवणं कोणाचं काम होतं? रक्ताचा रिपोर्ट खाली पडून होता, तो वर नेणं कोणाचं काम होतं? 'सेम' म्हणताना माणसाच्या तोंडाकडे बघणं कोणाचं काम होतं? कोणाचंच नव्हतं असं म्हणायचं असेल तर तेही म्हणा, पण तिच्यासमोर उभं राहून म्हणा. ती बाहेरच्या बाकावर बसली आहे. तिला हाकलू नका, चहा पाजू नका. तिने एकच विचारलं होतं, यातलं माझं किती आणि तुमचं किती?

सांगा.